तिसऱ्या हाकेनंतर

पोप गेले ते कार्निव्हलच्या पहिल्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी. रोमकरांना ते फारसे रुचले नाही. कॅपिटॉलच्या मनोऱ्यातली जुनी घंटा दोनच गोष्टींसाठी वाजते, कार्निव्हल सुरू झाल्याची वर्दी द्यायला आणि पोप वारल्याची. त्या आठवड्यात ती दोनदा वाजली. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा अर्ध्या शहराला वाटले की आजची घोड्यांची शर्यत लवकर लागणार, आणि माणसे मुखवटे चढवून कोर्सो रस्त्यावर आली. बातमी कळल्यावरही बराच वेळ ती तशीच उभी होती, मुखवट्यांसकट. म्हातारबांना आणखी सहा दिवस दम काढायला काय झालं होतं, असे एक आर्टिचोकची भाजी विकणारी म्हणाली म्हणे. संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या शहराचे झाले.

घंटेची परवानगी ज्याच्या हातून जायची तो माणूस त्या सकाळी क्विरिनाल राजवाड्यात, पोपच्या निजायच्या खोलीच्या दारात, यादी घेऊन उभा होता. त्याचे नाव सेल्सो प्रोयेत्ती. वय सेहेचाळीस, पोपच्या समारंभांचा विधिप्रमुख, या कचेरीत बावीस वर्षे. प्रोयेत्ती हे आडनाव रोममध्ये कुणाला बापाकडून मिळत नाही. नदीकाठच्या इस्पितळाच्या भिंतीत एक लाकडी चाक आहे. त्यात मूल ठेवायचे, चाक फिरवायचे आणि निघून जायचे. पलीकडे पोचलेले मूल प्रोयेत्ती होते.

पोपच्या समारंभात कुणी कोणत्या पायरीवर गुडघा टेकायचा, टोपी कुणी काढायची आणि कुणी नाही, याचे छापील पुस्तक आहे. पण भांडण लागले की ते पुस्तक कोणी उघडत नाही. विधिप्रमुखांच्या रोजनिश्या उघडतात. एकदा घडले आणि लिहिले गेले, की तो नियम. ऐंशी वर्षांपूर्वी ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी एका कार्डिनलचा पाय सुजला म्हणून त्याच्यासाठी एक स्टूल मांडले होते. तेव्हापासून दर झावळ्यांच्या रविवारी ते स्टूल मांडतात. त्यावर कोणी बसत नाही. सेल्सोने आजवर बावीस वेळा ते मांडले होते, आणि रोज दिवे लागल्यावर, जेवणापूर्वी, त्या दिवसाची नोंद पुरी केली होती. उद्यावर टाकलेली नोंद अर्धी खोटी होते, असे त्याचे मत होते.

पोप वारले की पहिला विधी हाकेचा. जांभळ्या वस्त्रातला कारभारी कार्डिनल मृताच्या तोंडावरचा रुमाल काढतो आणि त्याला हाक मारतो. पोप म्हणून घेतलेल्या नावाने नव्हे. बाप्तिस्म्याच्या नावाने, आईने मारली असती तशी. तीनदा. उत्तर येत नाही. मग कार्डिनल म्हणतो की हा खरोखर मृत आहे, आणि नोटरी तसे लिहून घेतो.

त्याआधी विधिप्रमुखाला एक काम करावे लागते, जे छापील पुस्तकात नाही. खोलीतल्या प्रत्येकाला त्याचे बाप्तिस्म्याचे नाव विचारायचे, आणि मृताचेच नाव ज्याचे असेल त्याला बाहेर पाठवायचे. याचे कारण शंभर वर्षांपूर्वीच्या एका रोजनिशीत आहे. तिथे नोंद अशी: 'आज हाकेच्या वेळी पडद्यामागे एक सेवक लपून बसला होता. मृताचे नाव त्याचेही होते. तीन हाका झाल्या, तो गप्प राहिला. उत्तर न देणारा मृत, असे विधी सांगतो. दोघांतला कोणता, ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी शवाच्या शिशाच्या पेटीला डाख बसला त्याच वेळी तो सेवक पुलावरून चालताना पडला. आजार नव्हता.' त्याच अक्षरात सतरा वर्षांनंतरची दुसरी नोंद: 'या वेळी चूक कॅनन पदाच्या एका धर्मगुरूकडून झाली. पेटी बंद होण्यापूर्वी त्याला शवापुढे उभे केले आणि नोटरीकडून नावाने पुन्हा हाक मारवली. तो हजर म्हणाला. जिवंत आहे.' आणि समासात, वेगळ्या शाईने: 'अकरा वर्षांनंतरही.'

सेल्सोचा यावर विश्वास होता की नाही, हे त्याने स्वतःला कधी विचारले नव्हते. स्टुलावर विश्वास ठेवावा लागत नाही. ते मांडावे लागते.

खोलीत त्या सकाळी नऊ माणसे होती. आठ जणांनी नावे सांगितली. नववे मोन्सिन्योर ग्रिफोली, सेल्सोसारखेच मोन्सिन्योर पदवीचे धर्मगुरू, मृताचे चाळीस वर्षांचे स्नेही. दोघे उंब्रियातल्या एकाच डोंगरी गावचे, दोघांचेही नाव तिथल्या संतावरून ठेवलेले.

“बाप्तिस्म्याचं नाव, मोन्सिन्योर?”

“तुला माहीत आहे माझं नाव. वीस वर्षं तू मला प्रत्येक मिरवणुकीत चुकीच्या जागी उभं करतोयस.”

सेल्सोने यादीवर टाक टेकवला.

“ओनोफ्रिओ,” ग्रिफोली म्हणाले. “त्याचं होतं तेच.”

सेल्सोने त्यांना बाहेर थांबायची विनंती केली. म्हातारे आधी शांतपणे बोलले. तीन रात्री आपण त्याचे पाय चोळत बसलो होतो, शेवटचे पाणी आपल्या हातून गेले, आता हाक मारायच्या वेळी आपणच दाराबाहेर, हा कुठला न्याय. सेल्सोने नियम सांगितला. मग म्हाताऱ्यांचा तोल गेला.

“मला नाव विचारतोस? तुझं तुला ठाऊक आहे का रे? माझं ठेवलं तेव्हा आई होती, बाप होता, अर्धं गाव जेवायला होतं. तुझ्या वेळी कोण होतं? चाक?”

“माझा दाखला कचेरीत आहे. सेल्सो. अठ्ठावीस जुलै.”

“बरं, दाखल्याच्या पोरा,” ग्रिफोली म्हणाले. “जातो.” आणि ते गेले. दार सेल्सोने स्वतः लावले.

कारभारी कार्डिनलने रुमाल काढला. मृताचा जबडा फडक्याने बांधलेला होता. खिडकीबाहेर उत्तरेचा कोरडा वारा होता आणि खोलीत मेणाचा वास.

“ओनोफ्रिओ.”

रस्त्यात ओळखीच्या माणसाने मागून हाक मारावी आणि आपली मान आपसूक वळावी, तशी सेल्सोची मान वळली. कार्डिनल त्याच्या समोर होता; मागे फक्त भिंत होती. तो पुन्हा सरळ झाला.

“ओनोफ्रिओ.”

या वेळी त्याचे गुडघे हलले. निघायची वेळ झाली असावी, कुणीतरी दारात टांगा आणून थांबले असावे, असे. विधीच्या मध्ये विधिप्रमुख हलत नाही. त्याने टाचा जमिनीत रोवल्या.

“ओनोफ्रिओ.”

'हजर' हा शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. त्याने दात दाबून धरले. बावीस वर्षांची शिस्त होती, ती उपयोगी पडली. खोलीत शांतता राहिली. कार्डिनल म्हणाला की हा खरोखर मृत आहे, आणि पायापासून वरपर्यंत सेल्सोला गार वाटले, न्हाणीघराचे दार कुणीतरी उघडे टाकल्यासारखे.

नोटरी बास्सीने दस्तावर शाई सुकवायची वाळू भुरभुरली. तो जाडा, दम लागणारा, शब्द तोलून वापरणारा माणूस होता. जिन्यात त्याने सेल्सोला गाठले आणि सहज विचारल्यासारखे विचारले.

“मोन्सिन्योर, तुम्ही मागं वळून कुणाला बघत होतात?”

कुणालाच नाही, असे सेल्सोने सांगितले.

पुढचे दोन दिवस कामाचे होते आणि सेल्सोने ते नोंदींसकट पार पाडले. गुरुवारी दुपारी सुतकाचे काळे कापड घेऊन राजवाड्याचा शिंपी आला. त्याने सेल्सो सोडून कचेरीतल्या बाकी सहाही जणांची मापे घेतली, कागद गुंडाळला आणि निघाला. सेल्सो दारातच उभा होता. शिंपी त्याच्या खांद्याला चाटून गेला आणि माफी मागितली नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सेल्सोची थाळी नव्हती. वाढप्याला बोलावले, तर तो चपापला; म्हणाला, मोजून मांडल्या होत्या. सेल्सोने दोन्ही गोष्टी वेळेसह रोजनिशीत लिहिल्या. स्वतःविषयी त्याने आजवर काही लिहिले नव्हते, म्हणून त्या वेगळ्या पानावर लिहिल्या.

त्याच संध्याकाळी वैद्यांनी शव उघडले. शुक्रवारी पहाटे मृताचे काळीज, फुप्फुसे आणि आतडी सीलबंद बरणीत घालून ट्रेवीजवळच्या चर्चमध्ये पोचवली, रीतीप्रमाणे. बरणीपुढे कंदील धरून सेल्सो चालला. परत येताना राजवाड्याच्या फाटकात स्विस पहारेकऱ्याने माणसे मोजली.

“अकरा गेले, दहा आले,” तो म्हणाला.

सेल्सोने सांगितले की अकरा आहेत. पहारेकऱ्याने पुन्हा बोट फिरवले. बोट सेल्सोवरून पुढे सरकले, जिथे काही नाही तिथून सरकते तसे. मग एकदम थांबले, मागे आले, आणि पहारेकऱ्याचा चेहरा पडला. झोप झाली नाही, असे तो पुटपुटला.

अकरावा आपण आहोत हे त्या माणसाला दुसऱ्यांदा पाहूनच कळले, हे सेल्सोने लिहिले. मग टाक ठेवला, डगला चढवला आणि आपल्या बाप्तिस्म्याची मूळ नोंद पाहायला नदीकाठच्या इस्पितळात गेला.

इस्पितळातले चाक सांभाळणारी आणि त्याच्या नोंदवह्या ठेवणारी जोगीण, सिस्टर पेर्पेतुआ, ऐंशीच्या पुढे गेली होती. तिला दात नव्हते आणि भिडस्तपणाही नव्हता. ती शेकोटीशी बसून भाजलेले चेस्टनट कुस्करून खात होती. सेल्सोची जांभळी किनार पाहून ती उठली नाही. कितव्या सालचा, तेवढे तिने विचारले. मग वही काढून गुडघ्यावर ठेवली आणि पाने न चाळता बरोबर जागी उघडली.

“हा बघ तू. आलास तेव्हा आठ पौंड होतास. पोसलेला.”

नोंद छोटी होती. मुलगा, सहा आठवड्यांचा. तागाचे फडके, गळ्यात अर्धे पदक. सोबत चिठ्ठी. सशर्त बाप्तिस्मा, सेल्सो, त्या दिवशीच्या संताचे नाव.

“सशर्त,” सेल्सो म्हणाला. “माझ्या दाखल्यावर हा शब्द नाही.”

“दाखल्यावर नाही लिहीत. पोरांना पुढं उगाच घोर लागतो.”

सशर्त म्हणजे काय, हे सेल्सोला कोणी सांगायला नको होते. तो ते नव्या धर्मगुरूंना शिकवत असे. पाणी घालताना धर्मगुरू म्हणतो, तुझा बाप्तिस्मा आधी झाला नसेल तर मी तो करतो. आधी झाला असेल, तर हे दुसरे पाणी नुसतेच पाणी, आणि हे दुसरे नाव नुसतीच हाक मारायची सोय. मग खरे नाव पहिलेच.

चिठ्ठी टाचणीने पानाला लावलेली होती. टाचणी गंजून कागदात रुतली होती, ती काढताना घडीचा कोपरा फाटला. अक्षर शिकलेल्या माणसाचे नव्हते. 'घरीच पाणी घातलं. पोर जगेल असं वाटलं नव्हतं. नाव ओनोफ्रिओ, टेकडीवरच्या मठातल्या संताचं. दाईनं शब्द बरोबर म्हटले. मी ऐकले.'

“सहा आठवडे ठेवून घेतलंन तुला,” सिस्टर पेर्पेतुआ म्हणाली. “फार कमी जणी ठेवतात. रडायचं तर इथंच रड, बाहेर वारं आहे.”

“दाईचं पाणी चालतं,” सेल्सो म्हणाला. तिला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

“मला काय विचारतोस? तू मोन्सिन्योर.” तिने वही मिटायला हात पुढे केला आणि वहीशेजारी टेकलेल्या त्याच्या हाताला हात लागताच मागे घेतला. शेकोटीजवळ बस, अशी ती दोनदा म्हणाली. सेल्सो शेकोटीजवळच बसला होता.

पुलावरून परतताना तो कठड्याला धरून चालला. हिशेब साधा होता. हाक ओनोफ्रिओच्या नावाने झाली. खोलीत त्या नावाचे दोघे होते, एक पलंगावर आणि एक पायथ्याशी यादी घेऊन उभा. दोघेही गप्प राहिले. आपल्याला उत्तर सुचले होते आणि आपण ते गिळले. मृत ठरवायचा होता एक. विधीने कोणाला धरले ते शनिवारी संध्याकाळी शिसे बंद झाले की कळणार होते. त्याआधी कोणी आपल्याला शवापुढे त्या नावाने हाक मारली आणि आपण हजर म्हणालो, तर सुटका होती. हाक मारणारा नोटरीच हवा, जुन्या नोंदीत तसे होते. आणि शनिवार संध्याकाळपर्यंत शवापुढे एकांत मिळणार नव्हता. शव संत पीटरच्या चर्चमध्ये हलवले होते, आणि जाळीबाहेर काढलेल्या मृताच्या पायांचे चुंबन घ्यायला लोकांची रीघ लागली होती, काहींच्या खिशातून अजून मुखवट्याच्या नाड्या लोंबत होत्या. तिथे मृत पोपला कुणी हाक मारली असती तर चेंगराचेंगरी झाली असती. उरली ती पेटी बंद करायची वेळ. तेव्हा आत फक्त मृताने नेमलेले कार्डिनल, कारागीर, नोटरी आणि विधिप्रमुख असतात. ग्रिफोली रागावून गुरुवारपासून घराबाहेर पडले नव्हते. तेवढे बरे झाले होते; हाकेला त्या नावाचा तिसरा नको होता.

शनिवारी सकाळी त्याने बास्सीला कचेरीत बोलावले आणि सगळे सांगितले, शिंप्यापासून चिठ्ठीपर्यंत, वेळांसह. बास्सीने ऐकून घेतले. शेवटी त्याने विचारले, आपण नक्की काय करायचे.

दस्त वाचून झाला की गुंडाळण्यापूर्वी नाव एकदा मोठ्याने घ्यायचे, हाक मारल्यासारखे. बस्स.

“म्हणजे चौथी हाक,” बास्सी म्हणाला. “आणि उद्या ती नियम झाली म्हणजे? पुढची दोनशे वर्षं प्रत्येक पोपला चार हाका. नंतरचे विधिप्रमुख डोकं खाजवत बसतील, चौथी कशासाठी म्हणून. तुमच्या त्या स्टुलासारखं व्हायचं.”

“होणार नाही. मी ती लिहिणार नाही.”

बास्सीच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. आतापर्यंत ऐकलेल्या कशानेही तो एवढा घाबरलेला दिसला नव्हता. मग त्याने मान डोलावली. उठताना त्याने सेल्सोच्या खुर्चीवर हात ठेवला, जणू तिथे कोणी बसले आहे याची खात्री करून घ्यावी.

संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर संत पीटरची दारे लागली. गायकांच्या चॅपलमध्ये चौदा कार्डिनल अर्धवर्तुळात होते. दोघे म्हातारे बाकावर टेकले होते, त्यांपैकी एक ठार बहिरा. मधोमध शिशाची पेटी, तिच्यात आधीच बसवलेली सायप्रसच्या लाकडाची, आणि तिच्यात ओनोफ्रिओ, लाल वस्त्रात, पायांपाशी त्याच्या कारकिर्दीच्या पदकांची मखमली पिशवी. एका कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, त्यात डाख द्यायची लोखंडे तापत होती. तिच्यापाशी दोन कारागीर बसले होते.

सेल्सोने मृताच्या चेहऱ्यावर पांढरे रेशीम पसरले. त्याच्या बोटांना रेशमाचा स्पर्श कळला नाही. गुरुवारपासून त्याला ऊन काय आणि गार काय ते नीट कळत नव्हते, पण हे नवे होते. त्याने बास्सीला खूण केली.

बास्सी वाचू लागला. जन्म, घराणे, पदे, कारकिर्दीची वर्षे, बांधलेले रस्ते, दुरुस्त केलेली कारंजी. बहिरा कार्डिनल डुलक्या घेत होता. मृत्यूचा दिवस आला, हाकेचा विधी आला, साक्षीदारांची नावे आली. सेल्सो पेटीच्या डोक्याशी सरकला. दस्त संपला. बास्सीने कागद खाली घेतला. त्याच्या कपाळावर घाम होता.

“ओनोफ्रिओ,” तो म्हणाला.

सेल्सोने तोंड उघडले.

“हजर.”

आवाज त्याचा नव्हता. तो खालून आला होता, रेशमाच्या आतून. मोठा नव्हता, दुःखीही नव्हता. कचेरीत सकाळपासून बाकावर ताटकळलेल्या माणसाचा नंबर पुकारला जावा आणि त्याने लगेच उठून ओ द्यावी, तसा होता. रेशीम मात्र हलले नाही.

कागद गुंडाळायला निघालेला बास्सी थांबला. थोरला कारागीर शेगडीवरून मान वर करून पाहत होता. कार्डिनलांपैकी कुणाच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. नाव आणि उत्तर, दोन्ही त्यांना वाचनाचाच भाग वाटले असावेत.

सेल्सोच्या मनात पहिली गोष्ट आली ती नोंद. शुक्रवार, पहाट. काळीज, फुप्फुसे आणि आतडी, एक बरणी, दोन सीले, ट्रेवीजवळच्या चर्चमध्ये पोच. कंदील त्याने स्वतः धरला होता. बरगड्यांमध्ये आता मीठ, कोरफड आणि तागाचे बोळे होते. श्वास घ्यायला तिथे काही शिल्लक नव्हते, आणि शब्दाला श्वास लागतो.

दुसरी गोष्ट आली ती जुनी नोंद, आणि तिच्यात कुठेही असे लिहिलेले नव्हते की पेटीतल्याने उत्तर द्यायचे नाही.

“हजर,” सेल्सो म्हणाला. आता तो त्याचाच आवाज होता, थोडा फाटलेला. दोन-तीन कार्डिनलांनी भुवया उंचावल्या. विधिप्रमुखाने बोलायची ही जागा नव्हती. त्याला त्यांच्या नजरा अंगावर पडल्याचे कळले. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणी त्याच्याकडे पाहत होते. शेगडीची धग त्याच्या पोटऱ्यांना लागली आणि बोटांना ऊब आली, मुंग्यांसारखी, दुखरी. त्याला रडू येईल असे वाटले.

मग ऊब पुढे सरकेना. मनगटाशी येऊन थांबली.

दोघांनी उत्तर दिले होते आणि पेटी एक होती. कार्डिनलने गुरुवारी जे म्हटले ते कुणावर तरी खरे व्हायचे होते. अजून झाकण उघडे होते. बास्सी त्याच्याकडे पाहत होता, आणि काय विचारतोय ते त्याला तोंडाने विचारावे लागले नाही. थांबवायचे का? रेशीम उचलायचे का? सेल्सोने एक शब्द म्हटला असता तर चौदा कार्डिनलांसमोर मृताच्या तोंडावरचे रेशीम निघाले असते. आपल्यावर विसंबून असलेल्या या म्हाताऱ्याला त्याने सहा वर्षे प्रत्येक पायरीवर हात दिला होता. पायरी चढताना म्हातारा न बघता हात पुढे करायचा, सेल्सो असणारच म्हणून.

“दस्त आत ठेवा,” सेल्सो म्हणाला.

बास्सीने दस्त गुंडाळून नळकांड्यात घातला आणि ते पेटीत ठेवले. ठेवताना त्याने मान दुसरीकडे वळवली होती. कारागिरांनी सायप्रसचे झाकण उचलून बसवले. चार खिळे. तिसरा ठोकला जात असताना लाकडाखालून 'हजर' पुन्हा एकदा ऐकू आले, तेवढ्याच हळू, तेवढ्याच धीराने, आपला नंबर पुकारणाऱ्याला पहिल्यांदा ऐकू गेले नसावे अशा बेताने. थोरल्या कारागिराचा हातोडा हवेत थांबला.

“चौथा,” सेल्सो म्हणाला.

चौथा बसला. मग शिशाचे झाकण. शेगडीतून लोखंड निघाले. डाख पायांकडून लावत आणतात आणि डोक्याशी संपवतात. आजच्या यादीतही सेल्सोच्या अक्षरात तसेच होते. थोरला कारागीर सवयीने पायांशी गुडघ्यावर बसला आणि परवानगीसाठी त्याने वर पाहिले.

सेल्सो डोक्याकडच्या कडेवर वाकला होता. खाली मृताचे तोंड होते त्या जागी त्याने दोन्ही तळवे शिशावर दाबून ठेवले होते.

“तिथून नको,” तो म्हणाला. “आधी इथं लाव.”